तेजूचा धर्मपिता

दादा,

तुझ्या दिवसाला मी कुंपणाजवळ उभी होते. आत अंगणात भाऊबंद बसले होते, पानावर भात वाढला होता, आणि घरातली एकेक बाई पुढं होऊन तुझ्या नावानं पाणी सोडत होती. मी ठरवून आले होते की लांबूनच बघायचं. माझं लग्न चर्चमध्ये झालं, माझ्या गळ्यात क्रूस आहे. या पानाजवळ जायचा मला आता हक्क आहे की नाही, ते मला कळत नव्हतं, आणि विचारायचं धाडसही नव्हतं. तेवढ्यात वहिनीनं मान वर केली.

"तिथं कशाला उभी राहलीस? तू घरची नाय का?"

एका म्हाताऱ्यानं सरकून जागा केली. मी पुढं गेले, पाणी सोडलं, आणि दादा, तेव्हा मला इतकं रडू आलं की सगळ्यांना वाटलं ते तुझ्यासाठीच आहे. तुझ्यासाठी होतंच. पण त्यात एक जुनी लाज होती, आणि ती तुला सांगायची राहून गेली होती.

तू गेलास त्या दिवशी भाताची झोडणी चालू होती. वहिनीचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात बाळांना लस देत होते. मी पोचले तोवर तुला खळ्यावरून उचलून जीपमध्ये निजवलं होतं. खोडाळ्याहून जव्हारचा रस्ता मी शेकडो पेशंट घेऊन गेले असेन, एवढा लांब तो कधी वाटला नाही. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू एकदाच डोळे उघडलेस आणि विचारलंस, "भात झाकलं का?" मी म्हटलं, झाकलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. माझं तुझ्याशी शेवटचं बोलणंही असं खोटं निघालं.

म्हणून आता खरं ते लिहिते.

बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होते. तू शाळा सोडलीस आणि मला शिकवायचं ठरवलंस. जव्हारच्या सिस्टरांच्या वसतिगृहात मला घालायला तू माझी पेटी डोक्यावर घेऊन चालत आलास. सिस्टरांनी विचारलं, पालक कोण? तू म्हणालास, "मीच." तेव्हा तू असशील सतरा-अठराचा. पुढं मी नर्स झाले, तिथंच बाप्तिस्मा घेतला, विल्सनशी लग्न केलं. प्रत्येक वेळी आपल्या गावात कुजबुज झाली आणि प्रत्येक वेळी तू एवढंच म्हणालास, "तिचा देव तिला सापडला. तुमचं काय गेलं?"

आणि मग तेजू झाली.

तेजूच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा माझ्या मनात दुसरं नावच नव्हतं. मी तुला समजावून सांगितलेलं आठवतं: बाळ स्वतः बोलू शकत नाही, म्हणून कुणीतरी मोठं माणूस त्याच्या बाजूनं देवासमोर उभं राहतं आणि शब्द देतं की याला मी श्रद्धेत वाढवायला मदत करीन. तू नीट ऐकून घेतलंस. "म्हंजे आईबाप चुकले त त्यानं बघायचं," तू म्हणालास. मी म्हटलं, हो, तसंच. दुसऱ्या दिवशी तू मोखाड्याच्या बाजारातून एक पांढरं झबलं घेऊन आलास. बाप्तिस्म्याला बाळाला पांढरं घालतात, हे कुणाला तरी विचारून आला होतास.

मी फादरांकडे गेले. तेव्हाचे फादर म्हातारे होते, हळू बोलायचे. ते म्हणाले, "धर्मपिता बाप्तिस्मा झालेला, दृढीकरण झालेला कॅथलिक माणूसच असावा लागतो. जे स्वतः घेतलेलं नाही, त्याची हमी दुसऱ्यासाठी कशी देणार?" मला वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं कळलं. ते मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "नेम हाय त नेम हाय."

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं मी सांगितलं नव्हतं.

मी उठून निघाले तेव्हा फादरांनी मला परत बसवलं. ते म्हणाले, "वहीत नाव लिहिता येणार नाही. पण ज्या भावानं तुला बापासारखं वाढवलं, त्यानं घरचा माणूस म्हणून पुढं येऊन तुमच्या शेजारी उभं राहायला काही हरकत नाही. पाण्याजवळ येईपर्यंत बाळ त्याच्या हातात असू दे. त्याला सांग, मी म्हटलंय."

मी तुला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? विल्सनकडच्यांनी वसईच्या अल्बर्ट अंकलना धर्मपिता म्हणून बोलावलं होतं. भला माणूस, विल्सनच्या वडिलांचा स्नेही. त्यांच्याबरोबर दोन गाड्या भरून पाहुणे येणार होते, सुटाबुटातले. माझ्या डोळ्यांसमोर तू आलास. गळ्यात काळा दोरा आणि ताईत, कपाळाला अंगारा, पायांना चिखल. तू मोठ्यानं आपल्या कोकणा बोलीत बोलणार, सगळे वळून बघणार. मी तेव्हा नुकती नोकरीत कायम झाले होते. मला लाज वाटली, दादा. ज्यानं माझी पेटी डोक्यावर घेतली त्याची लाज. हे वाक्य लिहायला मला आज दुपार लागली.

गणपती होऊन गेले होते, भात उभं होतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्च भरलं. तू मागच्या दाराशी उभा होतास, चपला हातात धरून, कारण बाहेर काढल्या तर चालतात की नाही हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. तेजूच्या अंगावर वसईहून आलेला लेसचा फ्रॉक होता. तुझं झबलं माझ्या पिशवीत राहिलं. अल्बर्ट अंकलनी शब्द दिला, फादरांनी पाणी घातलं, तेजू रडली. फादरांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मागच्या दाराकडे बघितलं. मी मान खाली घातली. जेवणाच्या वेळी तुला शोधलं तर तू निघून गेला होतास.

अल्बर्ट अंकल त्यानंतर एकदा आले. नाताळला त्यांचा फोन येतो. त्यांना मी दोष देत नाही. लांब राहतात, वय झालं. पण त्यांनी दिलेला शब्द कुणी पाळला, ते सगळा मोखाडा जाणतो.

तेजू सहा-सात वर्षांची असेल. माझी रविवारची ड्युटी लागायची, विल्सनच्या शाळेतल्या नोकरीचं काही ना काही निघायचं, आणि तिची धर्मशिक्षणाची शाळा बुडायची. एका रविवारी सकाळच्या पहिल्या जीपनं तू खोडाळ्याहून मोखाड्याला आमच्याकडे आलास आणि तिला म्हणालास, "चल, देवळात." मी चकित झाले.

"दादा, तू नेणार?"

"त्या दिवशी त्या वसईवाल्यानं शब्द दिला ना पोरीला नेम शिकवीन म्हनून. मी ऐकला. तो नाय इथं, मी हाय."

तेव्हापासून सहा-सात वर्षं, शेतीची घाई नसेल तेव्हा, तू तिला न्यायचास. ती आत, तू बाहेर पायरीवर. ऐकून ऐकून तुला 'नमो मरिये' पाठ झालं होतं. तेजू अडखळली की तू सांगायचास, तुझ्या उच्चारात, आणि ती खुदकन हसायची. विल्सनची आई एकदा म्हणाली, "याला आमच्यापेक्षा जास्त येतं!"

त्या वेळी मला वाटलं, आता वेळ आली. आठवतं? चुलीपाशी बसलो होतो, वहिनी नागलीच्या भाकरी थापत होती. मी म्हटलं, "दादा, तूही बाप्तिस्मा घे ना. सगळं सोपं होईल."

तू पाणी प्यायलास, तांब्या खाली ठेवलास. "सोपं व्हावं म्हनून देव बदलू? दाण्याची देवी कणसरी दरसाल माझ्या शेतात येते. तिला काय सांगू, बहिनीकडं जागा भेटली म्हनून चाललो?"

"पण तू प्रार्थना तर करतोस की आमच्या."

"पोरीसाठी म्हनतो. तुझ्या मरियेला त्याचं काय वाटत नाय. तुलाच वाटतं."

मी चिडले. म्हटलं, श्रद्धा म्हणजे काय हे तुला कळत नाही. तू म्हणालास, नसेल कळत. वहिनी म्हणाली, भाकर गार होते, खा. आपलं ते भांडण तिथंच थांबलं आणि पुन्हा पुन्हा निघत राहिलं, भाताच्या लावणीला, दिवाळीला, तू वीटभट्टीच्या मजुरीवरून परत आलास की. मी तुला पटवू शकले नाही, तू मला हरवलं नाहीस. मला अजूनही वाटतं की तू बाप्तिस्मा घ्यायला हवा होतास. आणि आता हेही वाटतं की तू घेतला असतास तर तो माझी सोय व्हावी म्हणून घेतला असतास, आणि ते तुझ्या देवालाही रुचलं नसतं, माझ्याही.

या वर्षी तेजू चौदाची झाली. पावसाळ्याआधी चर्चमध्ये सूचना वाचली: यंदा बिशप येणार, दृढीकरण होणार, मुलांनी आपापल्या धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव द्यावं. बाप्तिस्म्याला मोठ्यांनी दिलेला शब्द मुलं आता स्वतःच्या तोंडानं देणार, आणि कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागं उभं राहणार. अल्बर्ट अंकलना फोन केला. ते म्हणाले, "मला आता प्रवास होत नाही, बाळा. दुसरं कुणी चांगलं बघ."

तेजू म्हणाली, "मला मामाच पाहिजे."

ती स्वतः फादरांकडे गेली. आताचे फादर तरुण आहेत, पण नियम तोच. ती रडत घरी आली, आणि नेमका तू दारात बसला होतास. मी आतून ऐकत होते.

"मामा, तुला घेत नाहीत."

"मना ठाऊक हाय. मग रडत बसायचं का दुसरा शोधायचा?"

"मला दुसरं कुणी नको."

"मी शोधतो. मना बरा वाटेल तोच घेऊ. चल."

आणि दादा, तू खरंच निघालास. ज्या कामाला तुला स्वतःला उभं राहता येत नव्हतं, त्यासाठी माणूस शोधत तीन रविवार हिंडलास. तेजू परत येऊन मला सगळं सांगायची.

पहिल्या रविवारी मोखाड्यातले एक गुरुजी आणि त्यांची बायको. त्यांनी चहा-बिस्किटं दिली आणि विचारलं, कार्यक्रम कुठं ठेवलाय, किती माणसं? तू चहा पिऊन उठलास. दुसऱ्या रविवारी जव्हारला विल्सनची वहिनी. ती आनंदानं तयार झाली. तू तिला विचारलंस, "पोरगी उद्या चुकली त काय करशील?" ती म्हणाली, "लगेच तिच्या आईला सांगेन." बाहेर आल्यावर तू तेजूला म्हणालास, "बाई चांगली हाय, पन चहाड्या सांगेल."

तिसऱ्या रविवारी तू तिला वांगणीला नेलंस, मोनिकाबाईकडं. आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची ती. मी तिच्या हातचं खाऊन वाढले. आता विधवा, एकटी, लिहिता-वाचता येत नाही. ती ओट्यावर बसून वाल सोलत होती. तिनं तेजूला उलटंच विचारलं, "तुला मी कशाला पायजे?"

तेजूनं खरं ते सांगून टाकलं, "मामाला घेत नाहीत म्हणून."

मोनिकाबाई हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "म्हंजे मी दुसरी. चालंल."

तू तुझा प्रश्न टाकलास, "पोरगी चुकली त?"

"मी काय कमी चुकले? बसेन तिच्याजवळ."

"झालं," तू म्हणालास, आणि तिच्या सुपातले वाल सोलायला बसलास.

मला ते पसंत नव्हतं. मी म्हटलं, "दादा, ती लांब राहते, रस्ता धड नाही, तिला वाचता येत नाही. बिशपांसमोर उभं राहायचं आहे. जरा शोभेल असं कुणी बघायचं होतं."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नव्हे, पण बराच वेळ. "शोभायला नाय लागत," तू म्हणालास. "धरायला लागतं."

तेव्हा मला वाटलं, तुला माहीत आहे. तोच क्षण होता. तेजू शेजारच्या घरी गेली होती, विल्सन नव्हता, आपण दोघंच होतो. "दादा, त्या वेळी फादर असं म्हणाले होते," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "चहा टाकू?" तू म्हणालास, "टाक."

काल दृढीकरण झालं. शनिवारी मी पापनिवेदनाला गेले आणि हे सगळं पहिल्यांदा बोलले. आत काय बोलणं झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगते की मला क्षमा मिळाली आणि तरी मी हलकी झाले नाही, कारण ज्याला सांगायचं होतं तो तू.

मोनिकाबाई आदल्या दिवशीच आली. धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्याला तेल. बिशपांनी तेजूच्या कपाळाला तेल लावलं तेव्हा तिचा हात तेजूच्या उजव्या खांद्यावर होता, चांगला घट्ट. मी बघितलं, बोटं रुतली होती. तेजूनं "आमेन" म्हटलं ते मागच्या बाकापर्यंत गेलं.

घरी आल्यावर मी तेजूला खरं सांगितलं. सगळं, लाजेसकट. ती ऐकत राहिली. मग उठून बाहेर गेली, आणि बऱ्याच वेळानं परत आली. तिचा चेहरा मोठ्या माणसासारखा झाला होता.

"मामीला सांगितलंस?"

"नाही."

"तिला सांग. मी येते बरोबर."

म्हणून आज सकाळी आम्ही खोडाळ्याला आलो. वहिनी अंगणात भात पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर सांगितलंच नसतं. वहिनीचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली.

मी तिच्या सुपाजवळ खाली बसले.

"तुमचा म्हातारा फादर त्याला रस्त्यात भेटला होता ना, कार्याच्या आधी. त्यानंच सांगितलं, म्होरं उभा रहा, तुझ्या बहिनीला बोललोय. घरी येऊन मना म्हनाला, बहीन हाक मारील तवा जाईन म्होरं. आपन होऊन नाय जानार, तिच्या सासरची मानसं हायेत."

"म्हणजे तो मागं उभा होता तो..."

"वाट बघत होता."

तेजू रडायला लागली. मी विचारलं, "वहिनी, त्याला राग नाही आला?"

"आला ना. देव होता का तो? तीन दिवस बोलला नाय. धड जेवला नाय. तुझं नाव काढलं का उठून जायचा. चवथ्या दिवशी सकाळीच अंघोळ केली, म्हनला, पोरीनं काय केलंय? आनि गेला तुझ्याकडं."

दादा, तो दिवस मला आठवतो. तू आलास तेव्हा मी तेजूला न्हाऊ घालून नुकतं गुंडाळलं होतं. तू हात पुढं केलेस, तिला घेतलंस आणि दुपारभर मांडीवर घेऊन बसलास. दुसऱ्या कुणाकडं दिलीच नाहीस. तू निघताना मी तुला जरा फुरंगटूनच विचारलं होतं, बाप्तिस्म्याच्या दिवशी न जेवता निघून गेलास आणि इतके दिवस आलाही नाहीस, असं का?

तू तेजूला माझ्या हातात दिलंस, चपला घातल्यास आणि म्हणालास, "काम होतं."